सैन्यदलातील शुश्रूषा सेवा : निर्णय केव्हा घ्यावा, कसा घ्यावा?

बारावीचा निकाल लागून पंधरा दिवस होतात न होतात तोच ‘भरती कधी निघणार?’ हा प्रश्न आपल्या वस्त्यावस्त्यांतून सुरू होतो. पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांची संख्या वाढते, खुराकाची चर्चा होते, कोणी अकादमीत नाव घालते. सैन्याचे आकर्षण आपल्या समाजाला नवीन नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्मच महूच्या लष्करी छावणीत झाला आणि त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा विनंती केली आणि अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. जे दार उघडण्यासाठी आपल्या पूर्वजांनी पन्नास वर्षे अर्ज केले, त्या दारात आपला मुलगा उभा राहिला की आईबापांचा ऊर भरून येतो, हे स्वाभाविकच आहे.

परंतु सैन्य म्हणजे केवळ बंदूक नव्हे. त्याच सैन्यात जखमींना उचलून आणणारे, रक्त थांबवणारे, बर्फातून आणि ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढून त्याचा श्वास चालू ठेवणारे हजारो लोक आहेत. आपल्या मुलांना या कामाची फारच थोडी माहिती असते. म्हणूनच या अभ्यासलेखात आम्ही तेवढ्याच एका विषयाचा विचार करणार आहोत.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. भारतीय सेनेत ‘आर्मी मेडिकल कोअर’ हे स्वतंत्र दल आहे. ते ३ एप्रिल १९४३ रोजी स्थापन झाले. त्याचे प्रशिक्षण केंद्र लखनौला आहे आणि सर्व निरोगी असोत या आशयाचे त्याचे ब्रीद आहे. लढाईत जखमी झालेल्या जवानाला प्रथम त्याच्याच पलटणीतील प्रशिक्षित सोबती हात लावतो. मग तो पलटणीच्या डॉक्टरकडे, तेथून फील्ड अॅम्ब्युलन्सकडे आणि पुढे लष्करी इस्पितळात जातो. या साखळीत डॉक्टर थोडे आणि नर्सिंग असिस्टंट पुष्कळ असतात. रात्री दोन वाजता सलाईन बदलणे, स्ट्रेचरची एक बाजू धरून डोंगर उतरणे, जखमेवर दाब देऊन हात न काढणे ही कामे त्यांचीच. शांततेच्या काळातही काम संपत नाही. सियाचीनसारख्या ठिकाणी शत्रूपेक्षा थंडी आणि विरळ हवा अधिक माणसे मारते. तेथे फुफ्फुसात पाणी साचू लागलेल्या जवानाला वेळीच ओळखणे आणि खाली पाठवणे यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

यातील सर्वात अवघड शाखा म्हणजे हवाई छत्रीने उतरून उपचार करणाऱ्यांची. आग्रा येथील ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे आजचे ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल, याचा इतिहास आपल्या मुलांनी मुद्दाम वाचावा. १९५० साली कोरियात युद्ध पेटले तेव्हा भारताने लढणारी पलटण पाठवली नाही, ही वैद्यकीय तुकडी पाठवली. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. त्या वर्षीच्या हिवाळ्यात प्याँगयाँगहून माघार घेण्याची पाळी आली. उपकरणे टाकून निघावे तर पुढे उपचार कशाने करायचे? तुकडीने एक जुने वाफेचे इंजिन आणि डबे शोधून काढले, इंजिन चालवण्याची माहिती असलेली माणसे आपल्यातच निघाली, सारे सामान डब्यांत भरले आणि पूल उडवला जाण्यापूर्वी गाडी पलीकडे नेली. पुढे २३ मार्च १९५१ रोजी मुनसान येथे अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर या तुकडीच्या बारा जणांनीही उडी घेतली आणि खाली उतरून जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. हीच तुकडी फेब्रुवारी २०२३ मध्ये भूकंपग्रस्त तुर्कस्तानात गेली आणि इस्केंदेरून येथे तिने तीस खाटांचे इस्पितळ उभारले.

आपल्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली तेव्हा दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून माणसे काढण्यासाठी जवानच आले होते. चिखल, दुर्गंधी आणि पाऊस यांत ज्यांनी ते काम केले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. २०२४ सालच्या वायनाडच्या दरड दुर्घटनेत चूरलमला येथे १९० फुटांचा लोखंडी पूल बांधून जखमींची वाट मोकळी करणाऱ्या तुकडीत मेजर सीता शेळके होत्या. त्या आपल्या पारनेर तालुक्याच्या. त्या अभियंता आहेत, वैद्यकीय नव्हेत. पण वाट नसेल तर औषधही पोहोचत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख केला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निर्णय केव्हा घ्यावा? आमचे स्पष्ट मत असे की हा निर्णय भरतीची जाहिरात निघाल्यावर घ्यायचा नसतो, तो दहावीचा निकाल लागताच घ्यायचा असतो. याचे कारण साधे आहे. सेनेत नर्सिंग असिस्टंट होण्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते, एकूण किमान ५० टक्के आणि यातील प्रत्येक विषयात किमान ४० टक्के गुण लागतात. वय साडेसतरा ते तेवीस. म्हणजे ज्याने अकरावीला कला किंवा वाणिज्य शाखा घेतली त्याच्यासाठी हे दार त्याच दिवशी बंद झाले. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आहोत आणि त्या शाखेबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्या मुलाला जखमींची सेवा करायची आहे त्याने ‘आधी कॉलेजला प्रवेश घेऊ, मग बघू’ असे म्हणू नये. तसेच ज्याला विज्ञान घ्यायचे आहे त्याने जीवशास्त्र सोडून केवळ गणित घेऊ नये. हे बारकावे घरात सांगणारे कोणी नसते, शाळेतही क्वचितच कोणी सांगते, आणि मुलगा दोन वर्षांनी जाहिरात वाचून हळहळत बसतो.

दुसरा प्रश्न असा येतो की बारावी झाल्याबरोबर जावे की आणखी शिकून जावे. येथे सर्वांना एकच उत्तर लागू नाही. घरात कमावते कोणी नसेल, भावंडे लहान असतील, तर बारावीनंतर जाणे योग्यच. पण घर थोडे तग धरू शकत असेल तर औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन ‘सिपॉय फार्मा’ या पदासाठी प्रयत्न करता येतो. तेथे वयोमर्यादा एकोणीस ते पंचवीस आहे आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी असल्यामुळे सेवेनंतरही ती विद्या हाताशी राहते. ज्याचे गुण खरोखर चांगले आहेत त्याने मात्र घाई करू नये. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आपल्याच राज्यात आहे. नीट परीक्षेच्या गुणांवर तेथे मुलामुलींना डॉक्टर होता येते, मात्र त्याबरोबर सैन्यात सेवा करण्याचा करार असतो. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाला केवळ लवकर पगार सुरू व्हावा म्हणून शिपाई पदाच्या रांगेत उभे करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे आम्हाला वाटते. पालकांनी रागावू नये.

मुलींसाठी नर्सिंग असिस्टंटचे पद नाही; त्यांच्यासाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे. तिची परंपरा जुनी आहे. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तेथून ती सुरू होते. पुणे, मुंबईचे अश्विनी रुग्णालय, दिल्ली, लखनौ, कोलकाता व बंगळूर येथे मुलींना चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग शिकवले जाते आणि त्यानंतर थेट अधिकारीपद मिळते. मुंबईत राहणाऱ्या आपल्या कित्येक मुली अश्विनीच्या दारावरून बसने जातात आणि आत काय आहे हे त्यांना माहीत नसते. नौदल व वायुदल यांतही मेडिकल असिस्टंटची भरती निघते. तिलाही भौतिक, रसायन, जीवशास्त्राचीच अट आहे.

२०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाली आणि त्यानंतर मुलांच्या मनात मोठा गोंधळ झाला आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते आणि त्यातील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे घेतले जाते. नर्सिंग असिस्टंट व सिपॉय फार्मा यांच्या जाहिराती मात्र नियमित सेवेच्या म्हणून वेगळ्या निघत आल्या आहेत. नियमित सेवेत पंधरा वर्षे झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क येतो. बँकेच्या काउंटरवर महिन्याच्या पहिल्या तारखेला माजी सैनिकांची जी रांग लागते ती आम्ही रोज पाहणाऱ्यांपैकी आहोत, आणि चाळिशीतल्या माणसाच्या हातात ठरलेली रक्कम येणे म्हणजे काय हे त्या रांगेत कळते. यासाठी जाहिरात स्वतः, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. मित्राने फोनवर सांगितले म्हणून अर्ज भरू नये.

निवडीची पद्धत २०२३ पासून बदलली आहे. पूर्वी आधी धावणे आणि मग लेखी परीक्षा असे. आता आधी संगणकावर सामायिक प्रवेश परीक्षा होते आणि त्यात निवडलेल्यांनाच शारीरिक चाचणीला बोलावतात. म्हणजे वर्षभर फक्त धावणारा मुलगा मैदानापर्यंत पोहोचतच नाही. तरीही आपल्याकडे पुस्तक बंद करून मैदान गाठण्याची जुनी सवय सुटत नाही. अकादमीसाठी कर्ज काढण्यास येणारे पालक आम्ही पाहतो. शेती गहाण, आईचे मणी गहाण, आणि मुलाच्या बारावीच्या गुणपत्रिकेत रसायनशास्त्रात अडतीस! त्या मुलाला कितीही पळवले तरी तो नर्सिंग असिस्टंट होणार नाही. त्यापेक्षा तेच पैसे रसायनशास्त्राच्या शिकवणीला घातले असते तर उपयोग होता. आणि ‘साहेबांची ओळख आहे, दोन लाख द्या’ म्हणणारा कोणीही भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने नीट समजून घेतली पाहिजे. सेनेच्या शिपाई भरतीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा नसतात. तेथे गुणवत्ता यादीच चालते. याउलट राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा मार्ग वेगळा आहे. या दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे आणि २०१४ साली माळीणच्या दरडीखालून माणसे काढण्याचे काम तिने केले. या दलात थेट भरती होत नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, आयटीबीपी अशा निमलष्करी दलांतून तेथे प्रतिनियुक्तीवर जवान जातात. त्या दलांच्या भरतीत मात्र आरक्षण आहे आणि अनुसूचित जातींना वयात पाच वर्षांची सवलत आहे. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीपासून बौद्धांनाही केंद्रात हा लाभ मिळतो. परंतु त्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात असावा लागतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुले कागदपत्रांच्या टेबलावरून परत आली आहेत. दाखला बारावीच्या वर्षीच काढून ठेवावा.

शरीराच्या तपासणीबद्दल थोडेच सांगतो. रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणे, कानाचे दोष यांची तपासणी सरकारी रुग्णालयात आधीच करून घ्यावी, म्हणजे दोन-तीन वर्षे वाया जात नाहीत. पण गोंदणाबद्दल जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. जयंतीच्या उत्साहात आपली मुले दंडावर, मानेवर, छातीवर बाबासाहेबांचा चेहरा किंवा ‘जय भीम’ गोंदवून घेतात. भावना शुद्धच असते. परंतु सेनेच्या नियमाप्रमाणे कायमचे गोंदण केवळ कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला व हाताच्या पंजाच्या मागील बाजूला चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. दंडावरच्या गोंदणामुळे मुलगा बाद होतो. बाबासाहेबांचे चित्र भिंतीवर लावावे, त्यांची पुस्तके टेबलावर ठेवावीत. भरती होईपर्यंत कातडी मोकळी ठेवावी.

हवाई छत्रीच्या तुकडीत जायचे तर कसे, असे काही मुले विचारतात. तेथे थेट भरती नाही. आधी मेडिकल कोअरमध्ये भरती व्हावे, काम शिकावे आणि मग स्वेच्छेने नाव द्यावे. कसोटीचा कठीण काळ पार केल्यावर आग्र्याला पाच उड्या घ्याव्या लागतात, त्यातील एक रात्रीची असते. त्यानंतरच छातीवर पंख येतात. ज्याला पहिल्याच दिवशी आकाशातून उडी मारायची आहे त्याने बहुधा कामापेक्षा चित्रपट अधिक पाहिले असावेत.

येथवर नियमांचे झाले. पण हे काम आपल्याला जमेल काय हे कसे ओळखावे? याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीत नाही. ते विनयपिटकात आहे. महावग्गात कथा आहे की एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणीही त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकरवी पाणी आणवले, स्वतः त्याच्यावर पाणी घातले, आनंदाने त्याला स्वच्छ केले, मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला मंचकावर ठेवले. स्ट्रेचर उचलण्याची याहून जुनी नोंद आम्ही तरी वाचलेली नाही. त्याच प्रकरणात रुग्णाची सेवा करण्यास कोण योग्य, याची पाच लक्षणे दिलेली आहेत. औषध तयार करता येणे. पथ्य व अपथ्य ओळखणे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस न वाटणे. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणे.

मित्रांनो, यातील पहिली दोन लक्षणे लखनौला शिकवतील. उरलेली तीन घेऊनच जावे लागते. किळस येते की नाही हे घरबसल्या कळत नाही. म्हणून अकरावी-बारावीतच स्वतःची परीक्षा घ्यावी. घरात आजारी आजी असेल तर तिचे भांडे एक महिना स्वतः उचलून पाहावे. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचा प्रथमोपचाराचा वर्ग करावा. एन.सी.सी. असल्यास सोडू नये, तिच्या प्रमाणपत्राचा भरतीतही उपयोग होतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तेथील वैद्यकीय पथकांबरोबर दोन दिवस स्वयंसेवक म्हणून उभे राहावे. चालून चालून पाय फुटलेल्या म्हाताऱ्या उपासिकेच्या टाचेवर औषध लावताना ज्याचे तोंड वाकडे होत नाही, त्याने खुशाल अर्ज करावा. ज्याचे होते त्याने दुसरी वाट धरावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

मैत्रीभावाची परीक्षा मात्र फार कठोर होऊ शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला दहा जवान हिमस्खलनात गाडले गेले. बचाव पथकाने दिवसरात्र बर्फ कापला आणि सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. सारा देश दिल्लीच्या रुग्णालयाकडे डोळे लावून बसला होता. ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्यांना बाहेर काढले, ज्यांनी त्यांचा श्वास चालू ठेवला, त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभे राहायचेच होते. हे ज्याला सोसणार नाही असे वाटते त्याने भरतीपूर्वीच वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलावे.

शेवटी एक शंका, जी आमच्या रविवारच्या वंदनेनंतर हमखास निघते. पंचशील घेतलेल्याने सैन्यात जावे काय? वैशालीचा सिंह सेनापती तथागतांना शरण आला, उपासक झाला, पण त्याने सेनापतिपद सोडावे असे तथागतांनी सांगितल्याची नोंद नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, जखडून टाकणारा नियम नव्हे, अशी मांडणी केली आहे. त्यातही वैद्यकीय जवानाची गोष्ट आणखी वेगळी आहे. जिनिव्हा कराराप्रमाणे त्याच्यावर हल्ला करता येत नाही, त्याला शस्त्र वापरता येते ते केवळ स्वतःच्या व आपल्या रुग्णांच्या रक्षणासाठी, आणि शत्रूचा जखमी समोर आला तर त्याच्यावरही उपचार करणे त्याला बंधनकारक असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले, ते अशाच कामासाठी.

मात्र एकदा सही केल्यावर मागे फिरण्याचा विचार मनात आणू नये. मगधाचे योद्धे राजा बिंबिसाराची चाकरी टाकून संघात येऊ लागले तेव्हा राजसेवेत असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम तथागतांनी घालून दिला. म्हणून सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांना एकत्र बसवावे. किती वर्षांची सेवा, सुट्टी किती, बहिणीच्या लग्नाला येता येईल की नाही, पगारातील किती रक्कम घरी पाठवायची, हे सारे बोलून घ्यावे. सेवा संपल्यावर बाहेर परिचारक म्हणून काम करायचे असेल तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि सैन्यातील अनुभव ही वेगळी गोष्ट आहे, हेही आधीच लक्षात घ्यावे. सेवेत असतानाच पुढचे शिक्षण घेण्याची चौकशी करावी.

ज्या विद्यार्थ्यांना या वर्षी अकरावीचा प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी आपली दहावीची गुणपत्रिका घेऊन पालकांसह रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. विषय कोणते घ्यायचे ते अर्ज भरण्यापूर्वी बसून ठरवू.